सावंतांची तीनशे आठ

रायफल क्लबात माणसं नेम शिकायला येतात आणि चहाला थांबतात. शूटिंग एक तास, चहा दोन तास. मग किस्से साठणार नाहीत तर काय होणार? त्यातून गेले सहा महिने आमच्या टेबलावर विषय एकच होता, तो म्हणजे मी. हसायला सगळे होते आणि टेन्शन घ्यायला मी एकटा.

*

झालं असं की न्यूझीलंडहून जावयाचा फोन आला. निखिल तिकडे डोंगराच्या पायथ्याशी एका डेअरी फार्मवर मॅनेजर आहे. "बाबा, मे महिन्यात या. आपण थारच्या शिकारीला जाऊ."

थार म्हणजे हिमालयातली रानबकरी. कधीकाळी गोऱ्या साहेबांनी तिकडे नेऊन सोडली. आता ती इतकी वाढलीत की डोंगरावरचं गवत संपवतात, म्हणून तिथलं सरकारच म्हणतं, मारा. आपल्याकडे शिकारीचं नाव काढलं तरी आत जायची पाळी.

"माझ्याकडे दोन रायफली आहेत. कुठली घेणार ते सांगा. त्याप्रमाणे गोळ्या आणून ठेवतो."

मी नाही म्हणणार होतो. पण आमच्या कन्येने लग्नाच्या आधीपासून त्याला सांगून ठेवलंय, माझे बाबा नेमबाज आहेत, घरात मेडल्स आहेत. मेडल्स आहेत, खोटं नाही. पण ती दहा मीटरवरच्या कागदाची. जिवंत जनावरावर मी आयुष्यात गोळी झाडलेली नाही. चुकून पोटात बसली आणि ते तसंच कड्यावरून खाली गेलं तर? ही भीती त्या दिवशी जी मनात शिरली ती गेलीच नाही.

*

ही भीती मी सगळ्यात आधी म्हात्रे दादांना सांगितली. दादा करावे गावचे. त्यांच्या वडिलांकडे शेताच्या राखणीची बंदूक होती, म्हणजे आमच्यात अनुभवी माणूस तेच.

दादांनी बिस्कीट चहात बुडवलं. "आमचे बापानं एकदा डुकराला बार काढला. पोटान लागली. तीन दिस खारफुटीन वरडत व्हता. चवथे दिवशी बापानं बंदूक ठान्यान जमा केली, ती परत आनलीच नाय."

माझा चहा तसाच राहिला. दादांनी माझ्याकडे बघितलं, बिस्कीट संपवलं आणि म्हणाले, "बाकी तू टेन्शन घेव नको."

*

आता रायफल. एक होती सेव्हन एमएम मॅग्नम, लांब मारा करणारी, खांद्याला जबर दणका देणारी. दुसरी तीनशे आठ, जरा सौम्य. क्लबात सगळ्यांचं मत मॅग्नम. स्वतःचा खांदा नसला की माणसं उदार होतात.

आमच्या कोच देशमुख मॅडमनी मला रेंजवर नेलं. त्यांनी माझ्या पॉइंट टू टू रायफलमध्ये मला न दाखवता कधी खरी गोळी भरली, कधी फुसकी. मी ट्रिगर दाबला. आवाज आला नाही, नुसती टिक झाली. पण माझे डोळे गच्च मिटलेले आणि नळी खाली झुकलेली. सगळा क्लब बघत होता.

मॅडम म्हणाल्या, "गोळी उडालीच नाही. सावंत उडाले."

मग त्यांनी नीट समजावलं. दणक्याला घाबरून डोळे मिटणाऱ्या माणसाच्या हातात मोठी रायफल म्हणजे जखमी जनावर. जी शांतपणे चालवता येते ती खरी. तीनशे आठ ठरली. शरम वाटली, पण सुटल्यासारखंही वाटलं.

*

मग गोळ्या. जावयाने दुकानातून कंपनीच्या तयार गोळ्यांच्या तीन वेगवेगळ्या खोक्यांचे फोटो पाठवले. शिरवण्याच्या एमआयडीसीत तीस वर्षं मी क्वालिटी कंट्रोलमध्ये काढली आहेत. एक्सेल उघडलं. वजन, वेग, दोनशे मीटरवर किती खाली येते, वारा असला तर किती सरकते. रोज जेवण झालं की लॅपटॉप.

शैला, म्हणजे आमची सौ., दीड महिना बघत होती. शेवटी म्हणाली, "जावई पसंत करायला तुम्हाला एक संध्याकाळ पुरली होती."

टार्गेटवाली कडक कवचाची गोळी बाद केली. ती आरपार जाते आणि जनावर जखमी होऊन पळतं. मऊ टोकाची, दीडशे ग्रेन वजनाची घेतली. ती आत उघडते, जनावर जागच्या जागी बसतं. मॅडमनी बजावलं होतं की ज्या गोळीने रायफलचा नेम जुळवाल तीच डोंगरावर न्या, कंपनी बदलली की नेम हलतो. म्हणून मी जावयाला सांगितलं, हिचीच तीन खोकी घे, एकाच बॅचची, आणि बॅच नंबरचे फोटो पाठव.

त्याने पाठवले. खाली लिहिलं होतं, "दुकानदार विचारतोय, तुमचे सासरे पोलिसात आहेत का?"

*

जायच्या आधी पंधरा दिवस मी कामोठ्याच्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर सराव करायचो. सॅक पुढे ठेवून पालथं पडायचं, सॅकवर लांब दांड्याची छत्री, आणि समोरच्या बिल्डिंगच्या पाण्याच्या टाकीवर नेम. श्वास अर्धा सोडायचा, थांबायचं, बोट दाबायचं.

समोरच्या बिल्डिंगवाल्यांनी तक्रार केली. आमचे सेक्रेटरी वर आले. मी पालथ्या पालथ्याच त्यांना सगळं सांगितलं, रायफल, गोळी, जखमी जनावर, सगळं. भला माणूस, दहा मिनिटं उभा राहून ऐकलं. मग टाकीकडे बघत म्हणाले, "पण सावंत, टाकी हलत नाही."

त्यानंतर मला झोप लागली ती थेट विमानात.

*

फार्मवर जावयाने शंभर मीटरवर पुठ्ठा लावला. तीन गोळ्या, तिन्ही वाटीएवढ्या जागेत. जावई खूश. मी आणखी तीन मागितल्या. त्याही तिथेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोंगर चढलो. जावयाने जागा विचार करून निवडली होती. जनावराच्या खाली कडा नाही, मोकळा उतार. समोर सात थार चरत होते, त्यातला एक आयाळवाला नर. अंतर एकशे चाळीस मीटर. वारा नाही. मी पालथा पडलो, सॅकवर रायफल ठेवली. दुर्बिणीतली फुली त्याच्या खांद्यामागे जाऊन बसली आणि, खरं सांगतो, हलली नाही.

नर आडवा उभा राहिला. जावई कानात म्हणाला, "बाबा, मारा."

आता आमच्या क्लबात एक नियम आहे. पहिली गोळी झाडायच्या आधी मोठ्याने विचारायचं, "रेंज क्लिअर?" म्हणजे समोर माणूस नाही ना. मागून कुणीतरी "क्लिअर" म्हणेपर्यंत बोट ट्रिगरला लावायचं नाही. अकरा वर्षं दर रविवारी मी हेच केलंय.

मी श्वास अर्धा सोडला. थांबलो. आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून विचारलं, "रेंज क्लिअर?"

सगळ्या दरीत घुमलं. सात माना वर झाल्या. मग सातही जण, धडधाकट, खडकावरून वर गेले आणि पलीकडे उतरले.

निखिलने दुर्बीण खाली ठेवली. मी रायफलमधली गोळी काढून खिशात ठेवली.

"बाबा," तो म्हणाला, "कुणाला विचारलंत?"