यादगिरी आणि रद्द झालेला ड्रायव्हर

यादगिरी घरात आले की प्रथम खिडकीपाशी जात आणि तिचा लोखंडी गज मुठीत धरून क्षणभर उभे राहत. माझ्या पत्नीचा, सुमतीचा, बरेच दिवस असा समज होता की ते मनातल्या मनात एखादे स्तोत्र म्हणतात. म्हणून तेवढा वेळ ती स्वयंपाकघरातला नळही बंद ठेवी. अखेर एकदा तिने विचारलेच. यादगिरी म्हणाले, "पूजा नै अम्मा. हाथ में करंट रैता. मेरा करंट मशीन को कैकू देना?"

गज सोडल्यावरही ते संगणकाला हात लावत नसत. खुर्ची ओढून बसत, दोन्ही हात मांड्यांखाली घेत आणि मला म्हणत, "बोलो साब. शुरू से बोलो." मग मी हकिगत सांगू लागे. मध्येच मी "मला वाटते, मशीनच मुळात भिकार आहे" असे काही बोललो की ते मान हलवीत. "वो आपका खयाल है साब. हुआ क्या, वोइच बोलो." राज्य सरकारच्या विधी खात्यात माझी तीस वर्षे गेली. घटना आणि मत यांतला भेद न कळणारे किती अधिकारी मी त्या काळात पाहिले, त्याची यादी मी येथे देत नाही, कारण त्यांतले काही हयात आहेत. या मेकॅनिकला तो भेद कळत होता.

ते मूळचे टाइपरायटरवाले. सरकारी कचेऱ्या आणि जामबागेतल्या जुन्या मराठी शाळा यांची यंत्रे दुरुस्त करता करता मराठी कळफलक त्यांना पाठ झाला होता. घरात तेलुगू, बाजारात दखनी उर्दू आणि माझ्याकडे आले की मराठीही समजे; बोलण्यात आमचा 'च' तर त्यांनी केव्हाच आपलासा केला होता. उदारीकरणाचे वारे सुटले, कचेऱ्यांतून संगणक आले आणि टाइपरायटरच्या देखभालीची कंत्राटे एकामागून एक बंद झाली. तेव्हा पंचेचाळिशी उलटलेले यादगिरी विद्यानगरातल्या एका संगणकवर्गात मुलांच्या वयाच्या विद्यार्थ्यांबरोबर पहिल्या बाकावर जाऊन बसले. त्याविषयी त्यांनी कधी कुरकुर केली नाही. "टाइपरायटर की बीमारी दिखती साब," ते म्हणत, "कंप्यूटर की पूछना पडता."

माझे व त्यांचे जे प्रकरण घडले ते माझ्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर. मी पत्रे लिहिणारा मनुष्य आहे. नगरपालिका, वीजमंडळ, टेलिफोन खाते, वृत्तपत्रे यांपैकी कोणालाही मी वंचित ठेवलेले नाही. शस्त्रक्रियेनंतर मात्र संगणकाचा पडदा डोळ्यांपुढे फडफडू लागला. अर्धे पान टंकित होईपर्यंत डोळ्यांतून पाणी येई. यादगिरींनी तपासून सांगितले की दोष डोळ्यांचा नाही आणि पडद्याचाही नाही. आतले चित्र काढणारे ग्राफिक्स कार्ड जुने झाले आहे, ते पडद्याला पुरेशा वेगाने चित्र पुरवू शकत नाही. कोठीतल्या गुलाबशेठ नावाच्या दुकानदाराकडून त्यांनी नवे कार्ड आणले. त्या दुकानातून मिळणाऱ्या दुरुस्तीच्या कामांवरच यादगिरींचे घर चालत असे, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. मी ती ठेवली नाही.

कार्ड बसवण्यापूर्वी त्यांनी जुन्या कार्डाचा ड्रायव्हर मशीनमधून काढून टाकला. ड्रायव्हर म्हणजे काय, असे मी विचारले. "तर्जुमान साब. कार्ड की जुबान अलग, मशीन की जुबान अलग. बीच में तर्जुमान होना." न्यायालयातला दुभाष्या मला ठाऊक होता, मला ते तत्काळ पटले. "जुन्याला ठेवले तर काय बिघडते?" मी विचारले. "दो तर्जुमान एक साथ बोले तो जज क्या सुनेगा?" असे म्हणून त्यांनी जुन्या ड्रायव्हरची फ्लॉपी माझ्या हाती दिली, नवी सीडी घातली आणि थोड्याच वेळात पडदा असा स्थिर झाला की सुमती म्हणाली, "आता तरी चिडचिड कमी होईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी पडद्यावर बटबटीत, पोस्टाच्या शिक्क्यांसारखी अक्षरे होती. रंग मोजून सोळा. पुन्हा सुरू केले तर आडव्या पट्ट्या आणि त्यानंतर काहीच नाही. यादगिरी आले, गज धरला, हात मांड्यांखाली घेऊन बसले. "क्या बदले साब?" मी सांगितले, काहीही नाही. त्यांनी सर्व ड्रायव्हर काढून नवा पुन्हा घातला; पडदा लख्ख झाला. त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा पट्ट्या.

तेव्हा मी इंग्रजीत नोटीस लिहिली. सदर कार्ड सदोष असून आपल्या यादगिरी नामक कारागिराने ते निष्काळजीपणे बसविले आहे, सबब सात दिवसांत निराकरण न झाल्यास योग्य त्या मंचापुढे दाद मागण्यात येईल. (मशीन बंद, म्हणून ती जुन्या टाइपरायटरवर टंकित केली.) एक प्रत गुलाबशेठला, एक ग्राहक मंचाला, एक माझ्या फायलीला. मसुदा उत्तम होता. आजही त्यातला एक शब्द मला हलवावासा वाटत नाही. त्यात खोट होती ती फक्त वस्तुस्थितीची.

चार दिवसांनी यादगिरी न बोलावता आले. या वेळी ते गजाकडे गेले नाहीत, दारातच उभे राहिले. नोटीस मिळताच गुलाबशेठने माझ्याकडून कार्ड मागवून घेऊन दुकानातल्या मशीनवर लावून पाहिले होते. तेथे ते उत्तम चालले. म्हणजे कार्ड निर्दोष ठरले, आणि नोटिशीत दुसरा जो दोषी लिहिला होता तो एकटाच उरला.

"शेटजी आपका कागज सबके सामने पढे साब," यादगिरी म्हणाले. "सब मेकानिक खडे थे. बोले, पैले साब का शक निकाल, फिर काम को आ."

"मग निकालो ना," मी म्हणालो. अजूनही माझा स्वर चढाच होता.

"निकालनेकोच आया. टाइपरायटर तो गया. ये भी गया तो इस उमर में मैं और क्या सीखूँ? आज मैं हाथ लगाता, आप लिखो. एक टाइम पे एकीच चीज बदलता मैं. दो बदले तो मुजरिम कौन, कैसे मालूम?"

त्यांनी पिशवीतून ते कार्ड काढले आणि कामाला लागले. मी कागद घेऊन शेजारी बसलो आणि पंचनामा करावा तशी प्रत्येक कृती नोंदवू लागलो. कार्ड खाचेत नीट बसले आहे. तारेत दोष नाही. मशीन 'सेफ मोड'मध्ये, म्हणजे किमान कपड्यांनिशी, सुरू केले; सुरू झाले. मग त्यांनी चित्रयंत्रणेची यादी उघडली आणि पडद्याच्या अगदी जवळ वाकले. जे कार्ड त्यांनी स्वतः काढून माझ्या कपाटात ठेवले होते त्याचे नाव यादीत नव्या नावाच्या वर दिमाखात बसले होते. त्यांनी फायलींच्या तारखा पाहिल्या.

"साब, उस दिन मैं गया, उसके बाद मशीन पे कौन बैठा?"

"मीच. दुसरे कोण बसणार?"

"क्या किये?"

"सांगितले ना, काहीही केले नाही."

"मशीन बोल रा, किये."

"मशीन काय बोलते ते मला सांगू नका. मी—"

"अहो," सुमती स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "ती फ्लॉपी घातली होतीत ना तुम्ही? दोन्ही वेळा घातलीत. मी चहा घेऊन आले तेव्हा 'हो' म्हणून बटण दाबत होता."

"ते काही करणे नव्हे," मी म्हणालो. "काढलेले पुन्हा जागेवर ठेवले."

हे मी शपथेवर सांगितले असते. कायद्याच्या माणसाने कागद नष्ट करायचा नसतो. रद्द झालेला कायदाही आम्ही फाडत नाही. खाली टीप देऊन ठेवतो, कारण उद्या जुने प्रकरण उभे राहिले तर तोच लागतो. यादगिरींनी काढून टाकलेला ड्रायव्हर दप्तरी असावा, मशीनच्या पोटात एका कोपऱ्यात पडून राहावा, एवढाच माझा हेतू होता. फ्लॉपीने इन्स्टॉल करू का असे विचारले; मी त्याचा अर्थ 'दाखल करू का' असा घेतला आणि दाखल केले. मशीनने रद्द झालेल्याला पुन्हा कामावर घेतले आणि नव्याच्या फायली त्याच्या स्वाधीन केल्या. त्यानंतर काही बदलले का, असे विचारल्यावर मी नाही म्हणालो. जागच्या वस्तू जागी ठेवण्याला मी आयुष्यात कधी बदल म्हटलेले नव्हते.

यादगिरी हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "आपकी गलती नै बोलता मैं," ते म्हणाले. "डब्बे में किताब आती ना, उसमें किधर भी नै लिखे कि पुराना निकालो, वापस मत डालो." ही गोष्ट मात्र अक्षरशः खरी होती. ती पुस्तिका मी त्यानंतर तीनदा वाचली. उत्पादक कोणत्याही नुकसानीस जबाबदार नाही, हे तीत सहा भाषांत छापले होते. जुना ड्रायव्हर काढा, हे एकाही भाषेत नव्हते. त्या कंपनीला मी पाठवलेल्या चार पत्रांना आजतागायत उत्तर नाही.

पडदा पुन्हा लख्ख झाला. मी लगेच खुलासा टंकित केला: काही गैरसमजामुळे पूर्वीची नोटीस पाठविली गेली, ती मागे घेण्यात येत आहे. यादगिरींनी तो कागद सावकाश वाचला आणि परत दिला.

"गैरसमज किसका साब?"

मी दुसरा कागद घातला. या वेळी कर्ता लिहिला. जुना ड्रायव्हर मी स्वतः दोनदा पुन्हा घातला, विचारल्यावर ते मी सांगितले नाही, यादगिरी यांच्या कामात कोणतीही कसूर नव्हती. इतके अवघड पाच ओळींचे पत्र मी त्यापूर्वी लिहिले नव्हते. एक प्रत ग्राहक मंचाला टाकली आणि दुसरी घेऊन आम्ही दोघे कोठीला गेलो.

गुलाबशेठने पत्रावरून नजर फिरवली, खिशात घातले आणि चहा मागवला. "हो गया साब, हो गया. इतना कायकू लिखे? कल से आ जा रे यादगिरी."

यादगिरी जागचे हलले नाहीत. दुकानात चार-पाच मेकॅनिक उघड्या मशीनांवर वाकलेले होते. "शेटजी," ते शांतपणे म्हणाले, "वो कागज जोर से पढे थे. ये भी जोर से पढना."

शेठ माझ्याकडे पाहू लागले. यादगिरींचे म्हणणे विधिसंमत होते. ज्या ठिकाणी बदनामी प्रसिद्ध झाली त्याच ठिकाणी, त्याच आवाजात खुलासा झाला पाहिजे. मी शेठच्या खिशाकडे हात केला, पत्र घेतले आणि उभा राहून वाचले. इंग्रजीत वाचले, मग कोणाला कळले नसेल म्हणून माझ्या मोडक्या दखनीत पुन्हा सांगितले. "पुराना ड्रायव्हर मैं डाला. दो बार डाला." एका मेकॅनिकने पेचकस खाली ठेवला आणि यादगिरींना बसायला आपले स्टूल दिले.

त्यानंतर यादगिरी नऊ वर्षे त्याच दुकानातून काम करीत राहिले, आणि तारनाक्याच्या आपल्या घरी एका दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. मी त्यांच्या पत्नीला भेटून आलो. बोलण्याजोगे फार नव्हते. त्यांना मराठी येत नव्हते आणि माझे तेलुगू बाजारापुरते.

माझी पत्रे चालूच आहेत आणि राग तिळभरही उतरलेला नाही. पण तक्रार कोणाविरुद्धही असो, तिच्या पहिल्या परिच्छेदात मी स्वतः काय केले ते लिहितो: तारीख, कृती, कर्त्यासह. अनेकदा तो परिच्छेद लिहितानाच पत्र संपते आणि ते पाठवावे लागत नाही. जेव्हा संपत नाही, तेव्हा दुसऱ्या परिच्छेदापासून समोरच्यांची गाठ माझ्याशी असते.