मोहाच्या फुलांचा परवाना

खालापूरच्या डोंगरकडेला गौराबाईचं शेत होतं आणि बांधावर मोहाची पाच झाडं. चैत्रात पहाटे गळलेली फुलं वेचायची, अंगणात वाळवायची आणि कर्जतच्या बाजारात विकायची, हा तिचा वीस वर्षांचा धंदा. लोक ती भाजून खात, म्हशीला घालत. कोणी चोरून दारू गाळत असेल, तर गौराबाई काही त्याच्या चुलीशी बसायला जात नव्हती.

मग इंग्रज सरकारने कायदा काढला: मोहाची फुलं बाळगणं गुन्हा. सरकारी ठेकेदाराचं दारूचं दुकान मात्र बाजारात उघडंच, आणि तिथली दारूही मोहाचीच. दारूखात्याच्या कारकुनाने गौराबाईच्या दोन टोपल्या धरल्या आणि ओढ्यात ओतल्या. एवढा शिकलेला माणूस पागोटं सावरत पाण्यात फुलं सोडतोय, हे बघून आधी तिला कीव आली. मग नुसती किळस उरली.

दोन वर्षांनी कायदा सुधारायचा म्हणून गोरा साहेब चावडीवर आला. पुढे बसलेले सगळे हात जोडून मायबाप, मायबाप करत होते. गौराबाई मागून उठली.

"दारू गाळनाऱ्याला धरा. तो तुमाला गावत नाय, म्हनून फुलांना धरता व्हय?"

शेजारी उभ्या त्याच कारकुनाने साहेबाला इंग्रजीत काहीतरी सांगितलं. साहेब खूश होऊन हसला.

"काय सांगितलंस रं त्याला?" गौराबाईने कारकुनाला विचारलं.

"जे सांगायला पाहिजे तेच," कारकून म्हणाला.

सुधारणा झाली ती अशी: ज्याला फुलं वेचायची त्याने खालापूरच्या कचेरीतून परवाना आणायचा. गौराबाई ऐन बहरात गेली. तीन दिवस ओट्यावर बसून राहिली. शिक्का असे तेव्हा कचेरीतला साहेब नसे, साहेब असे तेव्हा शिक्का कपाटात आणि किल्ली हरवलेली. तिकडे बांधावरची फुलं रानडुकरं खात होती. तिसऱ्या संध्याकाळी ती उठली.

"तुमचा कागद तुमच्याच म्हशीला घाला," म्हणाली आणि चालू लागली.

पुढच्या चैत्रापासून तिने बिनपरवाना फुलं वेचली, अंगणात उघड्यावर वाळवली. शिपाई आला तर ती झाडूही थांबवत नसे. दोनदा तिला कचेरीत नेलं, दोनदा सोडलं. बाजारात ती पुन्हा बसली नाही. गिऱ्हाईकं दोन कोस तुडवत घरी येत.

म्हातारपणी ओसरीवर कोणी सरकारच्या नव्या कायद्याचा विषय काढला, की ती बोलणं अर्धवट टाकून गोठ्यात निघून जायची.