जावयाची बारूद

ही गोष्ट माझ्याकडूनच ऐकून घ्या. आसगावला, माझ्या सासुरवाडीला, ती कोणीही सांगेल आणि माझ्याहून रंगवून सांगेल!

मी इतिहासाचा मास्तर. गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्यानंतरच्या एका हिवाळ्यात मला एका विचारानं झपाटलं होतं. जुन्या काळी सम्राटांच्या हत्तींनी जंगलातल्या टोळ्या तुडवल्या. त्या टोळ्यांकडं मूठभर बारूद असती तर? बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीवर बसलो, की मला पाणी दिसायचंच नाही. दिसायची पळसांआड दबा धरलेली माणसं, धुक्यातून डुलत येणारे हत्ती आणि मग एकच धडाका!

गावच्या शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, सकाळी हे सगळं मी सासऱ्यांना, म्हणजे मामाजींना, ऐकवलं. ते तुफान आणि गोट्या या आपल्या बैलांना धूत होते. आदल्या वर्षीच्या शर्यतीत लाखनीच्या एका जोडीनं त्यांना मानभर फरकानं हरवलं होतं. तुफानचं वय झालेलं, हा त्याचा शेवटचा पट. काळजीनं मामाजींच्या घशाखाली चहाही उतरत नव्हता, आणि मी त्यांना हत्ती सांगत होतो!

त्यांनी मात्र सगळं शांतपणे ऐकलं. म्हणाले, "जनावर समोरून भेलं का मांगं पलटते, जवाईबापू. मांगं कोन रायते?"

"त्याचंच सैन्य, मामाजी!"

"मंग तुमचं बराबर हाय."

आता काय, मी हवेतच! त्यात त्यांनी मला मानाचं काम दिलं. आपल्या जोडीनं चुन्याची रेघ ओलांडली, की सुतळी बॉम्ब उडवायचा. ओलांडल्यावर, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

दुपारी मी रेघेपाशी जाऊन बसलो. पुढ्यात बॉम्ब, हातात पेटती उदबत्ती, पाठीवर उबदार ऊन आणि पोटात सासूबाईंचा वडाभात. लांबवर झेंडी पडली. धूळ उठली, तिला ऊन लागलं आणि ती सगळी सोनेरी झाली. खरं सांगतो, फार सुंदर दिसत होतं ते. लोकांचा गलका हळूहळू दूर गेला. मी पळसाआड उभा होतो. अंगावर कातडं, मागं माझी टोळी, बायका, लेकरं. सगळ्यांचा जीव माझ्या एका हातावर. सोनेरी धुळीतून दोन सुळे पुढं आले. शिंगं होती का ती? छे, सुळेच!

मी उदबत्ती टेकवली.

कान बधिर झाले तेव्हा भानावर आलो. तुफान-गोट्या रेघेच्या वीस हात अलीकडं होते. आणि लाखनीच्या त्याच जोडीच्या पुढं होते हो, चांगले गाडाभर पुढं! ते जागच्या जागी पलटले. छकडा हाकणाऱ्या माझ्या मेहुण्यानं उडी टाकली. जोडीमागं आनंदानं ओरडत धावणारा अख्खा गाव आमचाच, तो जीव वाचवायला बाजूच्या बोडीत. सगळ्यात पुढं नव्या धोतरातले मामाजी, कमरेइतक्या गाळात! लागलं कोणाला नाही, एवढंच काय ते बरं.

आणि लाखनीची जोडी? ती वाढलेली हायवेच्या कडेला. ट्रकांचे भोंगे आणि फुटते टायर ऐकत रोज चारा खाणारी. त्या बैलांनी कानही हलवला नाही. आपल्या चालीनं आले आणि रेघ ओलांडून गेले.

संध्याकाळी मामाजी गोठ्यात तुफानच्या पाठीवरून हात फिरवत बसले होते. मी दाराशी, मान खाली घालून. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. हात न थांबवता त्यांनी विचारलं, "मांगं कोन होतं, जवाईबापू?"

"आपणच, मामाजी."

ते हसले. त्यांनी हसायला नको होतं, मला रडूच आलं.

त्या टोळ्यांकडं बारूद नव्हती हे त्यांचं दुर्दैव, असं मी पूर्वी वर्गात सांगायचो. आता सांगतो, त्यांच्याकडं मी नव्हतो, हे त्यांचं नशीब!