येशूच्या आजी-आजोबांचा आमच्याकडचा मुक्काम

अत्यंत गांभीर्याने जाहीर करण्यात येत आहे की, नारपोलीतल्या एका दुसऱ्या मजल्यावरच्या घरात, पन्नाशी ओलांडलेल्या आणि पूर्ण शुद्धीवर असलेल्या एका नवऱ्याने, हातात पेटती मेणबत्ती धरून, येशूच्या आजी-आजोबांच्या तोंडावर धडधडीत खोटं सांगितलं. तो नवरा मीच. टाळ्याही पडल्या.

आजी-आजोबा म्हणजे त्यांची तसबीर, मरियामातेच्या आईवडिलांची. भिवंडीत आम्हा कॅथलिकांची घरं मोजकी, आणि ही तसबीर त्या घरांमधून फिरते. एका घरी आठवडाभर मुक्काम, मग पुढच्या घरी. नियम दोनच. तसबीर घरात असेपर्यंत नवरा-बायकोने भांडायचं नाही. आणि शेवटच्या संध्याकाळी सगळ्यांसमोर एकमेकांचे आभार मानायचे, मग दोघांनी मिळून तसबीर पुढच्या घरी पोचवायची. भांडण लोक कसंबसं आवरतात, पण आभार म्हटले की त्यांची बोबडी वळते. आमचा एक टेम्पोवाला शेजारी दरवर्षी "डबा टायमावर देते" एवढंच म्हणतो आणि घाम पुसत खाली बसतो.

मी मात्र त्या संध्याकाळची वाट बघत असतो. मला श्रोते लागतात. चर्चच्या सणाला नाटक बसवतात, त्यातही मी असतोच. यंदा तर साक्षात आजोबांचं काम मिळालं होतं. मूलबाळ नाही म्हणून लोकांनी हिणवलं, तेव्हा आजोबा लाजेने बायकोला न सांगताच रानात निघून गेले. ती घरी एकटी रडत राहिली. पुढे ते परतले आणि वेशीवर दोघांची भेट झाली. ती वेशीवरची मिठी हा माझा हुकमी प्रवेश. आजी झालेल्या बाई माझ्यापेक्षा वीतभर उंच, म्हणून मला दोन विटांवर उभं करायचे.

तसबीर आमच्याकडे रविवारी आली. बुधवारी बायकोने चहा देता देता विचारलं, "उद्या ठाण्याला रिपोर्ट घ्यायचाय. येताय ना?"

तिच्या छातीत गाठ लागली होती. तुकडा तपासायला दिला होता. गुरुवारची रजा मी आठ दिवस आधीच मागून ठेवली होती, तिच्यासाठीच. आणि तरी माझ्या तोंडून निघालं, "ड्युटी आहे गं उद्या. मालक सोडायचा नाही."

"बरं," ती म्हणाली.

घाबरलो होतो, दुसरं काय. ज्या खोलीत मला बोलण्यासारखं काही नसेल त्या खोलीत मला बसताच येत नाही. गुरुवारी सकाळी मी कामाचे कपडे घातले, तिने भरलेला डबा घेतला आणि लूमच्या कारखान्याऐवजी चर्चच्या हॉलवर तालमीला गेलो. कापसाची दाढी लावून दिवसभर वेशीवरची मिठी मारत राहिलो. चौथ्या वेळी मला खरोखरच रडू आलं. उंच बाई म्हणाल्या, "आज काय काम केलंत हो तुम्ही!" आणि मी खूश झालो. हे लिहितानाही कान तापतात. आजोबा बायकोला टाकून रानात गेले, पण निदान उपास तरी करायला गेले होते. मी डबा खाल्ला. भेंडीची भाजी होती.

संध्याकाळी परतताना कारखान्यातल्या मुकादमाचा फोन आला. "साब, दोपहर को भाभी का फोन आया था. आपका लग नहीं रहा था बोली. मैंने बता दिया, साब तो आज छुट्टी पे हैं. आप साथ में नहीं गए क्या?"

घरी आलो. ती पीठ मळत होती.

"साधी गाठ आहे. घाबरण्यासारखं काही नाही," ती म्हणाली. मी तोंड उघडलं. तिने पिठाचा हात वर केला आणि तसबिरीकडे बोट दाखवलं. "रविवारपर्यंत काही नको. पाहुणे आहेत घरात."

मला इतकं हायसं वाटलं! माफी मागणं म्हणजे भांडण नव्हे, हे मला चांगलं कळत होतं. पण नियम आयताच मिळाला होता, आणि मी तीन दिवस त्याच्याआड दडून राहिलो. रोज संध्याकाळी तिच्याशेजारी गुडघे टेकून जपमाळ ओढली. आवाज माझाच मोठा.

रविवारी घर भरलं. प्रार्थना सांगणाऱ्या मावशींनी आधीच बजावलं, "आवरतं घे रे बाबा. तू उभा राहिलास की मेणबत्ती संपते." सगळे हसले. एवढं हसू माझ्यासारख्याला पुरतं. एका वाक्यात आटोपता आलं असतं, किंवा खरं सांगता आलं असतं. पण मी फुलतच गेलो. पहिल्या भेटीपासून सुरुवात करून शेवटी आवाज खाली आणला आणि म्हणालो, "दुखण्याखुपण्यात मी हिचा हात कधी सोडला नाही." मावशींनी डोळे पुसले. टेम्पोवाल्याने पहिली टाळी वाजवली. टाळ्यांमधून मी बायकोकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघतच नव्हती.

त्यानंतरचं आधी सांगून टाकतो, कारण शेवटचा शब्द तिचाच असायला हवा. तसबीर आम्ही दोघांनी मिळूनच नेली, एक बाजू तिच्या हातात, एक माझ्या. जिन्यात अर्ध्यावर मी थांबलो आणि माफी मागितली. ऐकायला कुणी नव्हतं, त्यामुळे शब्द धड जुळेनात. ती म्हणाली, "खाली बघा, पायरी आहे." नाटकातलं काम मी सोडलं. त्याने फिटलं असं म्हणत नाही.

तर, टाळ्या थांबल्या. मावशी म्हणाल्या, "आता तू बोल गं बाय." माझी बायको दरवर्षी "सांभाळून घेतात" म्हणते आणि बसते. यंदाही तिने तेच म्हणायला तोंड उघडलं असावं. मग तिची नजर तसबिरीवर गेली, आणि भरल्या घरात तिच्या तोंडून निघून गेलं:

"मी त्या रिक्षावाल्याचे आभार मानते! गुरुवारी रिपोर्ट हातात येईपर्यंत तो तरी थांबला होता!"