चौकच्या ढाब्यावरचा क्लाऊनफिश

समुद्रातल्या माशावर मी लिहावं, हा आगाऊपणाच आहे. मी लोधिवलीचा; प्रवाळाचे खडक अजून फक्त पुस्तकात पाहिलेत. घरातून कॉलेजला जाणाराही मी पहिलाच. चुकलं तर जाणत्यांनी सांभाळून घ्यावं.

चौकला वडिलांचं पंक्चरचं दुकान आहे. समोरच्या ढाब्यात गल्ल्याशेजारी खाऱ्या पाण्याची टाकी होती आणि तिच्यात क्लाऊनफिशची जोडी. हे मासे प्रवाळातल्या समुद्रफुलात राहतात. समुद्रफूल हा फुलासारखा दिसणारा, दंश करणारा प्राणी. पण माशांच्या अंगावरच्या बुळबुळीत थरामुळे त्यांना काही होत नाही. कॉलेजच्या प्रकल्पासाठी मी रोज वही घेऊन टाकीसमोर बसायचो. गिऱ्हाइकं मलाच ऑर्डर सांगायची.

टाकी आचारी सांभाळायचा. पाणी कमी झालं की तो नवं पाणी ओतायचा, चमच्याने चव घ्यायचा आणि डाळीत घालावं तसं मीठ टाकायचा. पाणी उडून जातं, मीठ मात्र मागेच राहतं, हे मी त्याला सांगायला हवं होतं. तो वयाने मोठा, मला धीर झाला नाही. एका सकाळी मादी मरून तरंगताना दिसली.

ढाब्याचे मालक चाचा, मूळचे समुद्राकाठचे. ते म्हणाले, "आता याला नवी बायको आणायला पायजे."

"नको चाचा," मी चाचरत म्हणालो. "याच्यापेक्षा लहान मासा आणा. या जातीत मादी मेली की नरच मादी होतो. हाच मादी होईल, धाकटा नर."

गिऱ्हाइकांनी माना वळवल्या. मग आचारी म्हणाला, "म्हंजे माझी बायको माहेरी गेली की मी साडी नेसू काय रं?"

हसणं रस्त्यापलीकडे वडिलांपर्यंत गेलं. संध्याकाळी ते म्हणाले, "हे शिकलास कॉलेजात?"

"बाबा, पुस्तकात हाय."

"पुस्तकात असलं म्हनून चार मानसांत बोलायचं नसतं. सहा महिने बघतो. नाय झाला मादी, तर कॉलेज बंद. दुकानात बसायचं."

अशा रीतीने माझं शिक्षण एका माशावर येऊन ठेपलं. चाचांनी आचाऱ्याकडून मीठ काढून घेतलं आणि मुंबईहून लहान मासा मागवला. मोठा त्याला दिवसभर ढुशा द्यायचा आणि स्वतः जाड होत चालला. ट्रकवाले उतरल्या उतरल्या विचारायचे, "झाली का बाई?" वडील तेवढ्यात रेडिओ मोठा करायचे. मी वहीत प्रामाणिकपणे लिहायचो: 'बदल नाही.' पाचवा महिनाही तसाच गेला. मी पंक्चर काढायला शिकू लागलो.

सहावा महिना संपत आला होता. मी कर्जतला कॉलेजात होतो, तेव्हा वडिलांचा फोन आला. मागे ढाब्यातला गलका ऐकू येत होता.

"ऐक रं," ते ओरडले. "टाकीतल्या दगडावर नारिंगी अंडी हायत. मोठ्यानंच घातली, मी सोता इथं उभा होतो. धाकटा पंखानं वारा घालतोय त्यांना."