दस्तीखालचा भाव

आदिलाबादजवळ तामसीच्या बाजूला आमच्या गावात बैलबाजार भरायचा, तेव्हा मी दलाल होतो आणि माझे सगळे दुकान माझ्या खांद्यावर असे. एक दस्ती, म्हणजे पंचाएवढे जाडेभरडे कापड. विकणाऱ्याचा हात आणि माझा हात त्याखाली जात. बोटे धरायची, दाबायची, सोडायची, आकडा समजे. मग तोच आकडा घेऊन मी घेणाऱ्याकडे वळे. तोंडाने मात्र वेगळेच चाललेले असे. "अशी जोडी फुकटात देऊ काय?" म्हणत मालक असा भाव ओरडे की तेवढ्यात दोन जोड्या आल्या असत्या. ते ओरडणे भोवतीच्या शेजाऱ्यांसाठी, व्याह्यांसाठी, भावकीसाठी होते. माणूस किती खाली उतरला हे गावाला कळू नये, एवढ्याचसाठी दस्ती होती.

मी गुराख्याचा मुलगा. दुसऱ्यांची जनावरे राखता राखता दात आणि खांदा पारखायला शिकलो. मला कोणी गादीवर बसवले नाही. उटनूरकडचे गोंड शेतकरी बैल घेऊन यायचे, ते इतर दलालांना ओलांडून माझ्यापाशी थांबायचे, कारण माझ्या हाताने सांगितलेला आकडा नंतर फिरत नसे. तो हात कमवायला माझी जवानी गेली.

मग शहरातल्या एका संस्थेची मुले आली. चांगली मुले होती, उन्हात उभी राहायची, मी त्यांना चहाही पाजला. ती घोळक्यात उभी राहून ओरडलेला भाव लिहून घेत. नंतर विकणाऱ्यांच्या घरी जाऊन विचारत, हातात किती पडले? आमच्या भागात परका माणूस फाईल घेऊन दारात आला की कोण खरे सांगतो? रेशनकार्ड जाईल, पेन्शन जाईल, भाऊ वाटा मागेल. जो तो पडले त्याहून कमीच सांगे. एक आकडा फुगवलेला, दुसरा दाबलेला. मधली जागा कोणाच्या पोटात गेली? दलालाच्या.

संस्थेने त्यावरून केलेला अहवाल आदिलाबादला एका सभागृहात वाचून दाखवला, तेव्हा मी हजर होतो. पडद्यावर रंगीत खांब होते. सगळ्यात उंच खांब लाल, आणि खाली लिहिले होते, दलाल. सांगणारे संस्थेचे सर मराठीच होते. मी उठलो.

"सर, येवढा लाल खांब मी खाल्ला म्हनता?"

"तुम्ही एकट्याने नाही," ते म्हणाले. सभागृह हसले.

"तुमच्या पोरायनं ओरडलेला भाव लिवला. सौदा दस्तीखाली होते. बैल घेताना आमी मालकाचं ऐकत नाही, बैलाचं तोंड उघडून पायतो. तुमी काय उघडून पायलं?"

"दस्तीखालचा भाव मला दिसणार कसा? जे दिसत नाही ते मोजता येत नाही."

"मंग मोजलं काऊन?"

माणूस मूर्ख नव्हता, म्हणूनच मला जास्त राग आला. सर शांतपणे म्हणाले, "तुमचं म्हणणं खरं असेलही. पण तुम्ही स्वतः दलाल आहात. दलाली थोडी असते हे दलालानेच सांगितलं, तर तो पुरावा मी कसा मानू?"

हा प्रश्न अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही माझ्यावर विश्वास ठेवला नसता. पण मग घरी भाव दाबून सांगणाऱ्याचा स्वार्थ त्यांनी का पाहिला नाही? आणि त्यांचा स्वतःचा? सगळे ठीक आहे असा अहवाल दिला असता तर पुढचे काम कोणी दिले असते? जन्मभर भावावरून भांडणारा माणूस आहे मी. समोरच्याला काय हवे आहे हे पाहिल्याशिवाय मी त्याचा शब्द घेत नाही. ते स्वतःच्या कामाला शास्त्र म्हणतात आणि फक्त माझाच स्वार्थ पाहतात.

"शिवाय आम्ही एकदाच विचारलं नाही," सर पुढे म्हणाले. "नंतर दुसरी मुलं पाठवली. तेच उत्तर आलं. म्हणून हा निष्कर्ष विश्वासार्ह आहे."

"यकच लबाडी दोनदा सांगितली तं ते खरी होते काय?" मी ओरडलो आणि समोरची खुर्ची लाथेने पाडली. दोघांनी मला धरून बाहेर काढले. छापील अहवालात नंतर एक वाक्य वाढले, की दलालांचा विरोध तीव्र होता, यावरून त्यांचे हितसंबंध किती खोल आहेत हे दिसते. माझा राग त्यांनी पुराव्यात जमा केला.

सगळेच संशोधन खोटे असते, असे मी म्हणत नाही. पावसाचे माप ठेवणारे भांडे, आपल्याकडे कोण बघतो आहे याची फिकीर करत नाही. माणूस करतो. विचारणारा कोण, शेजारी कोण उभा आहे, उत्तराने काय जाईल, हे बघून तो बोलतो. एवढे ज्याला दिसत नाही त्याने बाजारावर निकाल देऊ नये.

पण निकाल झाला. अहवाल धरून सरकारी कचेरीने दलाल बंद केले, दस्ती बंद केली. बाजाराच्या तोंडाशी टेबल आले. भाव तिथे मोठ्याने सांगायचा आणि कारकून तो लिहिणार. पहिल्याच बाजारी उटनूरकडचा एक म्हातारा, माझे जुने गिऱ्हाईक, बैल घेऊन टेबलापाशी उभा राहिला. मागे त्याच्याच गावचे लोक होते.

"किती?" कारकून ओरडला.

म्हाताऱ्याने मागे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि कासरा ओढून बैल परत नेला. तसे बरेच जण गेले. पुढच्या बाजारी आलेच नाहीत. घुंगरे आणि दावी विकणारे उठले, मग चहावाला. ट्रॅक्टर वाढले होते हेही खरे, आणि आता सगळे तेच कारण सांगतात. त्या जागेवर आता बाभळी उगवल्या आहेत.

मी नदीपलीकडच्या बाजाराला जाऊ लागलो. तिथे दस्ती चालते, पण माझा हात तिथे कोणी ओळखत नाही. एके दिवशी तोच म्हातारा तिथे दिसला. मी दस्ती पुढे केली. त्याने माझा हात धरला, पण कापडाच्या वरून, भेटल्यासारखा.

"सेठ, इथं तुमच्या हाताला कोन मानते?" तो खाली बघत म्हणाला. "घेनारा तुमचा आकडा धरनार नाई. राग नका मानू." आणि तिथल्या दलालाकडे गेला.

मी बाजूला उभा राहून पाहत होतो. दस्तीखाली बोटे चालली होती, वर म्हातारा गळा फाडून भाव ओरडत होता. घोळक्यात एक मुलगी उभी होती. तिच्या हातात मोबाईल होता आणि ती ओरडलेला भाव त्यात भरत होती.

मी तिच्यापाशी गेलो आणि ती बाहेरची वाटली म्हणून हिंदीत म्हणालो, हा भाव लिहू नका, हा खरा नाही.

तिने आदराने विचारले, "आप कौन? दलाल हैं?"

"था," मी म्हणालो.

तेही तिने भरून घेतले, आणि पुन्हा ओरडणाऱ्याकडे वळली.