दत्तारामच्या बागेत चढलेला ट्रक

मोटर उघडली तेव्हा आतली तार काळी पडलेली होती. जळक्या वार्निशचा वास दुकानभर पसरला. मी मोटर टेबलावर ठेवली आणि समोर व्हीलचेअरवर बसलेल्या दत्तारामला सांगितलं की ही गेली.

"बाजारात दुसरी गावतली काय?" त्याने विचारलं.

"गावतली. पण तीय अशीच जळतली," मी म्हणाले. "तू हिच्याकडसून काय काम करून घेतंस ता आधी सांग."

कट्टा गावात माझं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. वडिलांनी सुरू केलं, त्यांच्या हाताखाली मी शिकले आणि ते गेल्यापासून मीच चालवते. रिवायंडिंग म्हणजे मोटरच्या आतली जळलेली तांब्याची तार काढायची आणि नवी तार वेढे मोजून भरायची. माझ्याकडे येतात ते विहिरीवरचे पंप, पंखे, मिक्सर. रिमोटवर चालणारा ट्रक त्या दिवसापर्यंत माझ्या टेबलावर कधी आला नव्हता.

खेळणं म्हणावं असा तो नव्हता. हातभर लांब, पाच-सहा किलो वजन, चारही चाकांना ताकद, नारळाएवढी जाड चाकं. सपाट मैदानात मोटरसायकलच्या वेगाने पळतो म्हणे. दत्तारामच्या आखातातल्या मित्राने त्याचा वेळ जावा म्हणून आणून दिला होता. वेळ भरपूर होता त्याच्याकडे. चार वर्षांपूर्वी आंबे काढताना तो झाडावरून पडला आणि कमरेखाली हालचाल गेली. तेव्हा तो अडतीस वर्षांचा होता.

पण त्याला ट्रक मैदानात पळवायचा नव्हता. बागेत न्यायचा होता. घरामागे चढावर त्याची आंब्याची सत्तर-ऐंशी कलमं आहेत. वाट म्हणजे कातळ, सुटे दगड आणि मध्ये दोन गडगे, म्हणजे दगडावर दगड रचलेले बांध. चार वर्षांत त्याला दोनदाच चौघांनी खुर्चीसकट उचलून वर नेलं होतं. त्यानंतर त्यानेच नको म्हटलं.

"गडी फोटो काढून धाडतत," तो म्हणाला. "पण तेंका बरा दिसता तेचोच फोटो काढतत. माका काय बघूचा आसा ता माकाच ठावक."

त्याने ट्रकवर मोबाइल बांधून पाहिला होता. पहिल्याच चढाला मोटर तापली, दुसऱ्याला धूर आला.

त्याच्यासोबत आलेली बायको, सुषमा, दाराशी उभी होती. तिने हळू आवाजात बाकीचं सांगितलं. मोठा भाऊ कुडाळला राहतो. चार वर्षं तो दर रविवारी येऊन बाग बघत होता. आता त्याला ते जमत नव्हतं. बाग पाच वर्षांसाठी ठेक्याने द्यायची असं त्याच्या मनात होतं आणि मोहोर नीट धरला की ठेकेदार बघायला येणार होता. भावाचं काही चुकत नव्हतं, हे सुषमालाही मान्य होतं. पण बाग गेली तर हे दिवसभर काय करतील, एवढंच ती म्हणाली.

मी ड्रोनचं विचारलं. ते दत्तारामने आधीच करून पाहिलं होतं. ड्रोन वरून झाड दाखवतो. रोग दिसतो तो खालून, फांदीच्या आत.

"माका ताकद व्हयी, फिलूबाय," तो म्हणाला. "आसा तेच्या दुप्पट."

मी हो म्हटलं. इथेच माझी पहिली चूक झाली. गिऱ्हाईक पंप घेऊन येतं आणि जास्त ताकद हवी म्हणतं तेव्हा मी आधी विहीर किती खोल ते विचारते. त्या दिवशी मात्र नव्या कामाच्या हौसेने काहीच विचारलं नाही.

मोटर मीच भरली. वेढे कमी केले आणि तार जाड घातली. त्याने मोटर जास्त वीज ओढते आणि जास्त वेगाने फिरते. प्लास्टिकचे गिअर टिकणार नव्हते, म्हणून स्टीलचे मागवले. मोठी बॅटरी घातली. रिमोट लांबवर पोचावा म्हणून नवा रेडिओ संच आणला. त्यातला ट्रकवर बसतो तो रिसिव्हर, म्हणजे रिमोटचा हुकूम ऐकणारा त्याचा कान. पाठीवर माणसाच्या कमरेइतक्या उंचीची नळी उभी करून तिच्या टोकाला कॅमेरा लावला. चित्र दिसायला त्याच्या घरातला टीव्ही. पंधरा दिवस पंपवाल्यांना उद्या या, परवा या करत मी हे सगळं केलं.

मग एका सकाळी ट्रक रिक्षात घालून त्याच्या घरी गेले. दत्ताराम पडवीत टीव्हीसमोर रिमोट घेऊन बसला. मी खळ्यात, म्हणजे अंगणात, उभी राहिले. सुषमा वर पहिल्या गडग्यापाशी गेली, ट्रक अडकला तर सोडवायला.

पहिला चढ ट्रकने असा घेतला की माझी छाती फुगली. दत्ताराम हसत होता. टीव्हीवर दगड, पाचोळा, झाडांचे बुंधे सरसर येत होते. इतके सरसर, की बघण्यासारखं काहीच दिसत नव्हतं. मी म्हटलं, हळू घे. तो म्हणाला, हळू घेतला की झटके मारता. तेही खरं होतं. अशी मोटर हळू चालताना अडखळते.

ट्रक गडग्याला वळसा घालून पलीकडे गेला आणि टीव्हीवर मुंग्या आल्या. चित्र गेलं. दत्तारामने रिमोट सोडून दिला. ट्रक थांबायला हवा होता. थांबला नाही. वरून आम्हाला त्याचा आवाज येत राहिला, तोच चढा आवाज, आणि मग सुषमाची किंकाळी.

मी धावत वर गेले. ट्रक पूर्ण वेगात तसाच वळत मागे आला होता आणि तिच्या पावलाला घासून गडग्यावर आदळला होता. पुढचं एक चाक निखळून पडलं होतं, कॅमेऱ्याची नळी मोडली होती. सुषमा खाली बसली होती. घोटा सोललेला, रक्त आलेलं. हाड शाबूत होतं. ट्रक चार बोटं अलीकडून गेला असता तर राहिलं नसतं.

आम्ही खाली आलो. दत्तारामचा चेहरा मला बघवेना. त्याला किंकाळी ऐकू आली होती आणि खुर्चीतून उठता आलं नव्हतं. सुषमाने पायाला हळद लावली आणि मग माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाली, "बाय, ह्या घरातला एक मानूस पडला ता पुरे. ही गाडी तुमी घेवन जावा."

मी ट्रक उचलला आणि गेले.

दुकानात ट्रक टेबलावर ठेवून मी आधी त्या नव्या रेडिओचं माहितीपत्रक वाचलं. ते मी आधी वाचायला हवं होतं. रिमोटचा संपर्क तुटला तर गाडीने काय करायचं, हे रिसिव्हरला आधी शिकवावं लागतं. त्याला फेलसेफ म्हणतात. शिकवलं नाही तर तो शेवटचा हुकूम धरून बसतो. शेवटचा हुकूम होता, वळत जोरात पुढे. जुन्या रिसिव्हरला कारखान्यातूनच थांबायला शिकवलेलं होतं. नव्याला शिकवणं माझं काम होतं आणि मी ते केलं नव्हतं. दोष ट्रकचा नव्हता, दत्तारामचा तर नव्हताच.

दुसऱ्या दिवशी मी तसं जाऊन सांगितलं. पडवीत दोघंही होती. सुषमाने ऐकून घेतलं. दत्ताराम जमिनीकडे बघत होता. मग मी त्याला तो प्रश्न विचारला जो पंधरा दिवस आधी विचारायचा होता.

"बागेत एका झाडाकडे तू किती वेळ उभो रवय?"

त्याने विचार केला. म्हणाला, पूर्वी एका कलमाकडे पाच मिनिटं तरी. भोवती फिरायचं, फांदी वाकवायची, पान उलटं करायचं. पूर्ण बाग बघायला अख्खी सकाळ जायची.

"मगे तुका दुप्पट ताकद कित्याक व्हयी?"

तो पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसला. थोडंसंच. सुषमा आत निघून गेली, पण ट्रक परत आणू नका असंही म्हणाली नाही. मी ते होकार समजले.

निखळलेलं चाक आणि मोडलेली नळी बदलली आणि मोटर पुन्हा उघडली. या वेळी उलटं केलं. तार बारीक, वेढे जास्त. शिवाय तारांच्या तीन टोकांची जोडणी बदलली. मोठ्या पंपांना आम्ही सुरुवातीला स्टार जोडणी देतो आणि पंपाने वेग घेतला की डेल्टा. स्टारमध्ये मोटर बेताने चालते. ही मोटर डेल्टात होती, तिची स्टार केली. मोटरच्या टोकाचं दातेरी चाक, पिनियन, सगळ्यात लहान मिळतं ते बसवलं. आता मोटर बरीच फिरायची तेव्हा ट्रकचं चाक एकदा फिरायचं. त्यामुळे झटके गेले. धावायची त्याची हौस संपली. माणसाच्या चालीने चालू लागला, पण कातळाच्या पायरीवर चाक टेकवलं की सावकाश चढायचा. चाकांच्या आत शिशाच्या पट्ट्या चिकटवून वजन खाली आणलं, म्हणजे कलंडणार नाही. टीव्हीचं चित्र पकडणारा भाग घराच्या मागच्या माडावर, वरच्या अंगाला बांधून घेतला आणि वायर खाली आणली. तिथून दोन्ही गडग्यांपलीकडचं दिसत होतं. रिमोटची अँटेनाही तशीच वर नेली.

आणि फेलसेफ. ते मी दुकानात तीसेक वेळा तपासलं. मग ट्रक घेऊन गेले आणि सुषमाला खळ्यात बोलावलं. ट्रक चालवला, तिच्यापासून लांब, आणि रिमोट तिच्या हातात दिला. म्हटलं, चालत असताना बटण बंद कर. तिने केलं. ट्रक जागच्या जागी थांबला. पुन्हा चालू, पुन्हा बंद. तिने मोजून दहा वेळा केलं. मग रिमोट दत्तारामकडे दिला, स्वतः ट्रकच्या वाटेत जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आता तुमी बंद करा."

त्याने ट्रक तिच्या दिशेने सोडला आणि अर्ध्यात बटण बंद केलं. ट्रक तिच्यापासून दोन हातांवर थांबला. सुषमाने खाली बघितलं, चाकाला पायाने हलकंसं ढकलून पाहिलं आणि चहा करायला गेली.

पुढच्या रविवारी भाऊ ठेकेदाराला घेऊन येणार होता. दत्तारामने मलाही बोलावलं. बिघडलं तर दुरुस्तीला, असं तो म्हणाला. मला वाटतं त्याला कोणीतरी आपल्या बाजूचं हवं होतं.

ठेकेदाराला यायला उशीर होता. भाऊ पडवीत बसला, ट्रककडे बघून म्हणाला की बरा टाइमपास आहे. दत्तारामने रिमोट उचलला. ट्रक सोडला. दहा मिनिटांत तो दुसऱ्या गडग्यापलीकडे पोचला. टीव्हीवर मोहोर दिसू लागला, फांदी फांदी. भाऊ म्हणाला की मोहोर झकास आहे, मी गेल्याच रविवारी सगळा बघितला.

दत्ताराम झाडं एकेक करत पुढे गेला. अगदी वरच्या कोपऱ्यात, जिथे झाडं दाट आहेत आणि ऊन कमी पोचतं, तिथे त्याने ट्रक थांबवला. मला हिरवी पानं दिसत होती, बस्स. तो म्हणाला, पानां चकचकतत. मग त्याने ट्रक थोडा पुढे घेऊन कॅमेऱ्याच्या नळीने खालची फांदी हळूच हलवली. मोहोरातून बारीक किडे उसळले, धुळीसारखे.

"तुडतुडे," दत्ताराम म्हणाला. "तेंच्या चिकट्यान पानां चकचकतत. ह्या कोपऱ्यात पाच कलमांका आसत. खाली अजून उतराक नाय. उद्या फवारणी केली तर बाग वाचता."

भाऊ टीव्हीजवळ जाऊन उभा राहिला. त्याने फांदी पुन्हा हलवायला सांगितली. पुन्हा किडे उसळले. तो टीव्हीपासून मागे सरला. मग म्हणाला, "मी त्या कोपऱ्यात गेलंयच नाय. थकान गेललंय."

त्याने फोन काढला, अंगणात गेला आणि ठेकेदाराला सांगितलं की आज येऊ नका, या वर्षी आम्हीच बघतो. परत आला तो दत्तारामच्या शेजारी खुर्ची ओढून बसला. दोघं मिळून उरलेली बाग बघायला लागले. कुठल्या कलमाला कोणतं औषध, गडी किती लागतील, असं बोलणं सुरू झालं. माझी त्यात काही गरज नव्हती. सुषमाने घावणे केले होते, ते खाऊन मी निघाले.

फवारणी दुसऱ्याच दिवशी झाली. पाचांतल्या दोन कलमांचा मोहोर गेला, बाकी बाग राहिली. आंबा मध्यम झाला. भाऊ आता महिन्यातून एकदा येतो आणि बाग दत्ताराम बघतो, रोज सकाळी. ट्रकची चाकं वर्षात दोनदा बदलावी लागतात, कातळ त्यांना खातो. ठेक्याचा विषय या वर्षी पुन्हा निघाला होता, पण तो दत्तारामनेच काढला. शेजारची बाग आपण ठेक्याने घेऊ या का, म्हणून.

माझ्या कामात एक गोष्ट बदलली. मध्यंतरी देवबागचा एकजण आला. त्याला रिमोटवर चालणारी छोटी होडी बनवून हवी होती, खाडीत जाळ्याची दोरी पलीकडे न्यायला. मोटर केवढी घालायची, हे तो विचारत होता. मी त्याला म्हटलं, ते नंतर. रिमोटचा संपर्क तुटला तर होडीने काय करायचं, ते आधी घरी जाऊन ठरव. तो दोन दिवसांनी परत आला. त्याने ठरवलं होतं. मग मी काम लिहून घ्यायची वही उघडली.